आठ मजल्यांवर स्प्रिंकलर : साइटच्या वहीतून

५ जानेवारी

पहिली पाहणी. तळघरात पार्किंग, तळमजला आणि वर आठ मजले, सगळी कार्यालयं. माणसं आत काम करत असतानाच आपल्याला स्प्रिंकलर बसवायचं काम उरकायचं आहे. प्रत्येक मजल्यावर हायड्रंट आहे, होज रील आहे, भिंतीला टांगलेली लाल नळकांडी आहेत. पण यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावायला माणूस लागतो, आणि तो माणूस आगीच्या जवळ, शुद्धीवर आणि धीराचा असावा लागतो.

व्यवस्थापकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कुणी जिन्यात सिगारेट ओढली तर आमचे आठही मजले भिजणार का?" हा प्रश्न प्रत्येक साइटवर येतो. दोष सिनेमाचा आहे. तिथे धूर निघाला की सगळ्या छतातून एकदम पाऊस. खऱ्या स्प्रिंकलरला धूर कळतच नाही. त्याला वायर नसते, अलार्मच्या पॅनलचा हुकूम तो ऐकत नाही. स्वतःच्या अंगाला लागलेली धग तेवढी त्याला कळते. जो तापला तो फुटतो, शेजारचा तसाच राहतो. हे सगळं सांगितलं, पण त्यांना पटलेलं दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष दाखवायचं कबूल केलं.

दुसरा आक्षेप: "रात्रपाळीला माणूस असतोच." लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात कॅसिनोच्या मजल्यावर स्प्रिंकलर नव्हते ते याच हिशेबानं, की इथे चोवीस तास वर्दळ असते, आग लागली तर लगेच दिसेल. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी आग लागली ती त्या वेळी बंद असलेल्या एका उपाहारगृहात. ८५ माणसं गेली, त्यातली बरीचशी आगीपासून कितीतरी मजले वर, धुरानं. हे सांगितल्यावर मात्र बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

१२ जानेवारी

प्रयोग केला. काचेचं भांडं, पाणी, विजेची शेगडी, थर्मामीटर. तारेनं दोन हेड, म्हणजे स्प्रिंकलरची छताला लागणारी तोंडं, पाण्यात सोडले, एक लाल बल्बचा, एक पिवळ्या बल्बचा. बघणाऱ्या सगळ्यांना चष्मे दिले, कारण काच उडते.

बल्ब म्हणजे बोटाच्या पेराएवढी, दोन्ही टोकांनी बंद केलेली काचेची कुपी. आत रंगीत द्रव आणि त्यात एक हवेचा बुडबुडा. बुडबुडा चुकून राहिलेला नसतो, मोजून ठेवलेला असतो. द्रव तापला की फुगतो आणि बुडबुड्याची जागा खात जातो. बुडबुडा संपला की फुगायला जागा उरत नाही, आतला दाब झपाट्यानं चढतो आणि काच फुटते. तोवर हीच काच पाण्याच्या दाबाविरुद्ध झाकण रेटून धरून उभी असते. सगळं यंत्र एवढंच. काही हेडमध्ये काचेऐवजी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूनं जोडलेली पट्टी असते, तत्त्व तेच.

शेगडी मंद ठेवली. साठच्या पुढे लालमधला बुडबुडा टाचणीच्या टोकाएवढा झाला, मग दिसेनासा. थर्मामीटर ६८ च्या आसपास असताना "टक्" झालं आणि झाकण भांड्याच्या तळाशी जाऊन बसलं. पिवळा त्याच पाण्यात, चार बोटांवर, शाबूत. तो ७९ चा. व्यवस्थापक त्या पिवळ्याकडेच बघत राहिले. मी दहा मिनिटं बोलून जे झालं नव्हतं ते त्या न फुटलेल्या बल्बनं केलं.

कोणता रंग कुठे, ते इथे लिहून ठेवते: नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१ अंश सेल्सिअस. त्या जागी छताजवळ एरवी जास्तीत जास्त जेवढी उष्णता असेल तिच्यापेक्षा साधारण ३० अंश वरचा हेड निवडायचा. म्हणून कार्यालयांत लाल, उपाहारगृहाच्या भट्टीवर हिरवा.

चाचणीनंतर फोरमन काका म्हणाले, "ताई, मग ही सगळीकडे पाऊस पडायची भीती आली कुठून?" मला वाटतं ती भीती निराधार नाही, फक्त फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कापडगिरण्यांत छताला भोकं पाडलेले पाइप असत. आग लागली की कुणीतरी व्हॉल्व्ह उघडायचा आणि पाणी सगळीकडून यायचं, आग एका कोपऱ्यात असली तरी. ज्याचा त्यानं उघडणारा हेड नंतर आला. हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये न्यू हेवनमधल्या आपल्या पियानोच्या कारखान्यात तसे हेड बसवले, आणि फ्रेडरिक ग्रिनेल यांनी १८८० च्या दशकात ते पुष्कळ सुधारले. आजही सगळी तोंडं उघडी असलेली डेल्यूज पद्धत आहे, पण ती ट्रान्सफॉर्मर किंवा ज्वलनशील द्रवांच्या साठ्यासाठी. कार्यालयात तिचं काम नाही.

१९ जानेवारी

गणित. दिवसभर टेबलावर.

घनता मिनिटाला ५ मिमी धरली. म्हणजे आग लागलेल्या जागी जमिनीवर मिनिटाला पाच मिलिमीटर पाणी. ऐकायला किरकोळ वाटतं. तासाचं करून बघितलं तर ३०० मिमी. तासाला १०० मिमी पडला तर आपण त्याला ढगफुटी म्हणतो.

एका हेडखाली १२ चौरस मीटर, म्हणजे त्याला मिनिटाला ६० लिटर द्यायला हवेत. हेडचा के-फॅक्टर, म्हणजे त्याच्या तोंडातून किती पाणी सुटतं ते सांगणारा आकडा, ८०. प्रवाह म्हणजे के गुणिले दाबाचं वर्गमूळ. उलटं सोडवलं तर दाब (६० ÷ ८०) चा वर्ग, ०.५६ बार. सर्वांत दूरच्या, सर्वांत वरच्या हेडच्या तोंडाशी एवढा दाब उरला पाहिजे. बाकी सगळं गणित या एका आकड्यापासून उलटं पंपापर्यंत चालत येतं. पंपापासून उंची ३४ मीटर, तिचे ३.३ बार. पाइपच्या घर्षणाचे माझ्या हिशेबानं १.६. बेरीज साडेपाच. पंप साडेसहाचा घेणार. थोडा हात राखून ठेवलेला बरा. पाइप आतून कायम नवा राहत नाही.

एकाच वेळी चालतील असं धरायचं क्षेत्र १४४ चौरस मीटर, म्हणजे १२ हेड. कागदावर ७२० लिटर मिनिटाला. प्रत्यक्षात पंपाच्या जवळच्या हेडना दाब जास्त मिळतो आणि ते जास्त ओततात, म्हणून ८३०. साठ मिनिटांसाठी सुमारे ५० घनमीटर. हायड्रंटचा साठा वेगळा, त्यातून उसनं घ्यायचं नाही. टाकीसाठी जागा शोधावी लागणार.

बारा हेड ही तयारी झाली. खऱ्या आगींत बहुतेक वेळा एक-दोन हेडांत काम भागतं. कारण इथेच मांडून ठेवते. एक लिटर पाणी २० अंशांपासून उकळून वाफ होईपर्यंत सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता पितं. हेड सेकंदाला एक लिटर ओततो. सगळ्याची वाफ झाली तर २.६ मेगावॅट. सगळ्याची कधीच होत नाही, बरंच पाणी जमिनीवर जातं. तरी निम्मं गणित खरं ठरलं तरी पुष्कळ झालं. शिवाय जे जळालेलं नाही ते आधीच भिजतं, आणि छताखालची हवा थंड झाली की शेजारचे हेड तापतच नाहीत.

पण हे सगळं लवकर झालं तरच. वाढत्या आगीची ताकद ढोबळमानानं वेळेच्या वर्गानं वाढते. वेळ दुप्पट, आग चौपट. वेगानं पसरणारी आग अडीच मिनिटांत मेगावॅटला पोहोचते, पाच मिनिटांत चारला. मग छताखालचा धूर ५००-६०० अंशांवर गेला की खोलीतलं जळण्याजोगं सगळं जवळपास एकदम पेटतं. त्याच्यापुढे एका हेडचं काही चालत नाही. अग्निशमन दल कितीही तत्पर असलं तरी फोन, रस्ता, जिना यांना वेळ लागतोच. स्प्रिंकलर आधीपासून तिथेच असतो, त्याची किंमत या वेळेत आहे. होजमधून मिनिटाला काही शे लिटर पाणी येतं, स्प्रिंकलर साठ-ऐंशीत भागवतो. "पाण्यानं नुकसान होईल" म्हणणाऱ्यांना पुढच्या बैठकीत हेच सांगायचं.

२ फेब्रुवारी

पाइप आला. उतरवून घेण्यात दिवस गेला. टोकांना चेपलेले अकरा नग परत पाठवले.

९ फेब्रुवारी

आठव्या मजल्यावर फॉल्स सिलिंग उघडल्यावर नकाशातलं आणि छतातलं जग वेगळं निघालं. नकाशात जिथे आमची ओळ आहे तिथे वातानुकूलनाचा डक्ट. डक्ट १.४ मीटर रुंद. १.२ मीटरपेक्षा रुंद अडथळा असला तर वरच्या हेडचं पाणी त्याच्याखाली पोहोचत नाही, म्हणून डक्टखाली वेगळे हेड घ्यावे लागले. या मजल्यावर पाच वाढले.

हेडच्या खाली जी दातेरी चकती असते, तिच्यामुळे पाण्याची छत्री होते. छत्रीला मोकळी जागा हवी. तुळईला चिकटून हेड लावला तर तुळईपलीकडची जागा कोरडी. छतापासून फार खाली आणला तर गरम हवेचा थर वरून निघून जातो आणि बल्ब उशिरा फुटतो. काकांना ही दुसरी गोष्ट शिकवावी लागली नाही. "धूर आधी छताला लागतो, मग पसरतो," ते म्हणाले आणि खालच्या पोराला हँगर दोन इंच वर घ्यायला लावला.

सर्व्हर खोलीबद्दल संगणक विभागाशी वाद. त्यांना पाणी नकोच. शेवटी प्री-अ‍ॅक्शनवर तडजोड: पाइप एरवी कोरडा, आधी डिटेक्टरनं व्हॉल्व्ह उघडायचा, मग हेड फुटला तरच पाणी. चुकून हेडला शिडी लागली तरी खोली कोरडी राहील.

१६ फेब्रुवारी

सातव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये दोन हेड १.४ मीटरवर. फिटरनं मोठ्या हौशीनं एक जास्तीचा लावला होता. "जास्त असला तर काय बिघडलं?"

बिघडतं. पहिला फुटला की त्याच्या पाण्याचे थेंब दुसऱ्याच्या बल्बवर उडतात, बल्ब थंड राहतो आणि खाली आग असूनही फुटत नाही. मग आगीपासून दूरचा, तिसरा फुटतो. दोन हेडांत कमीत कमी १.८ मीटर ठेवायचे, किंवा मध्ये पत्रा. जास्तीचा काढला, टोकाला प्लग मारला. या धंद्यात दुप्पट साहित्य लावून निम्मं संरक्षण मिळू शकतं, हे नव्या माणसाच्या गळी उतरवणं कठीण.

२१ फेब्रुवारी

आजची बैठक महत्त्वाची. आठवा आणि सातवा मजला पुढच्या आठवड्यात तयार होतील. व्यवस्थापनाचं म्हणणं: सगळ्या मजल्यांचं काम आणि पॅनलची वायरिंग पूर्ण होईपर्यंत तयार मजल्यांचे व्हॉल्व्ह बंदच ठेवा, मध्येच गळती झाली आणि कळलंच नाही तर काय? म्हणणं शहाणपणाचं वाटतं. मलाही पाच मिनिटं वाटलं.

मग मी दोन इमारतींची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसची फर्स्ट इंटरस्टेट बँक, ६२ मजले, ४ मे १९८८. स्प्रिंकलर बसवण्याचं काम सुमारे ९० टक्के झालं होतं. आग लागलेल्या मजल्यावर हेड होते. पण अलार्मची जोडणी बाकी म्हणून व्हॉल्व्ह बंद होते. बाराव्यापासून सोळाव्यापर्यंत मजले जळाले, डोक्यावर तयार हेड असताना.

दुसरी फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजले, २३ फेब्रुवारी १९९१. आग बाविसाव्या मजल्यावर लागली, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांमुळे. तीन जवान गेले. इमारत कोसळेल या भीतीनं शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून लढणंच थांबवलं. आग मजल्यामागून मजला चढत तिसाव्यावर पोहोचली. तिथे स्प्रिंकलर होते. दहा हेड फुटले, दलाच्या गाड्यांनी खालून पाणी दिलं, आणि आठ मजले खाऊन आलेली आग तिथे थांबली.

एकीकडे जवळपास पूर्ण यंत्रणा बंद व्हॉल्व्हमागे, दुसरीकडे एकच चालू मजला. ठराव झाला: जो मजला तयार होईल तो चाचणी करून लगेच चालू करायचा. पॅनल जोडेपर्यंत मजल्यावर तात्पुरती घंटा.

१ मार्च

आठव्या मजल्याची दाबचाचणी. १४ बार, दोन तास. चाळिसाव्या मिनिटाला काटा सरकला. थेंब कुठे दिसेना. काकांनी दिवे मालवायला सांगितले आणि टॉर्च आडवा धरून ओळीनं चालत गेले. आडव्या उजेडात एका टी-जोडावर ओलं चमकलं. आटे परत काढून बांधले, पुन्हा दोन तास. संध्याकाळी साडेसातला काटा जागेवर.

पाणी भरताना वरच्या टोकाला हवा सोडून दिली. अडकलेली हवा म्हणजे ओल आणि ऑक्सिजन एकत्र, पाइप आतून तिथूनच खातो.

६ मार्च

रंगाऱ्यांनी सातव्या मजल्याचं छत रंगवलं आणि नऊ हेडही. पांढरे, सुबक, निकामी. रंगाचा थर बल्बला लागला की धग उशिरा पोहोचते, आणि झाकणाला लागला तर ते चिकटून बसतं. थिनरनं पुसून घेऊ, असं सुचवलं गेलं. नाही. रंगलेला हेड पुसत नाहीत, बदलतात. नऊ नवे लावले. पुढच्या मजल्यांवर रंगकाम होईपर्यंत प्रत्येक हेडवर कागदी पिशवी, आणि शेवटी पिशव्या मोजून काढायच्या. लावलेल्या आणि काढलेल्या पिशव्यांचा आकडा जुळेपर्यंत मजला ताब्यात द्यायचा नाही.

१३ मार्च

आठवा मजला चालू. ओळीच्या शेवटी चाचणीचा व्हॉल्व्ह असतो, त्याचं तोंड एका हेडच्या छिद्राएवढं. तो उघडला की यंत्रणेच्या दृष्टीनं एक हेड फुटलेला असतो. उघडला. आधी काळं, तेलकट, कुजका वास असलेलं पाणी, मग स्वच्छ. फ्लो स्विचला (पाइपातलं पाणी वाहू लागलं की घंटा वाजवणारा) ३० सेकंदांचा उशीर मुद्दाम ठेवला आहे, पाण्याच्या नुसत्या धक्क्यानं घंटा वाजू नये म्हणून. एकतिसाव्या सेकंदाला घंटा. तळघरात दाब ७ ला आल्यावर जॉकी पंप (दाब टिकवून धरणारा छोटा पंप) लागला, पुरेना, ६ ला मुख्य पंप लागला. तो आपोआप लागतो, पण आपोआप बंद होत नाही. कुणीतरी खाली जाऊन, आग विझल्याची खात्री करून, हातानं बंद करायचा. "हे बरं आहे," व्यवस्थापक म्हणाले. आता ते माझ्या बाजूला आहेत.

२७ मार्च

हे लिहायला जड जातंय, पण वही त्यासाठीच आहे.

शुक्रवारी सहाव्या मजल्यावर नव्या पार्टिशनसाठी दोन हेड सरकवले. मजला बंद केला, रिकामा केला, काम केलं, परत भरला. एका कपलिंगमधून थेंब दिसला म्हणून मजल्याचा व्हॉल्व्ह पुन्हा बंद करायला मीच सांगितलं. बोल्ट आवळले, थेंब थांबला. गेज ४.८ दाखवत होतं, बरोबर जेवढं हवं तेवढं. आम्ही आवरून निघालो.

आज सकाळी काका सवयीनं प्रत्येक मजल्याचा ड्रेन, म्हणजे पाइपातलं पाणी सोडायचा नळ, थोडा उघडून बघत खाली येत होते. सहाव्यावर ड्रेन उघडताच काटा ४.८ वरून थेट शून्यावर पडला. पाणी आधी जोरात, मग नुसतं ओघळ. व्हॉल्व्ह तीन दिवस बंद होता. व्हॉल्व्ह बंद झाल्याचं कळवणाऱ्या स्विचची वायर अजून पॅनलला जोडलेली नाही, त्यामुळे तिकडूनही काही कळलं नाही.

गेजनं खोटं सांगितलं नव्हतं. बंद व्हॉल्व्हच्या पुढे कोंडलेल्या पाण्यालाही दाब असतो आणि तो दिवसेंदिवस तसाच राहतो. तिथे एक हेड फुटला असता तर दोन घोट पाणी आलं असतं. २१ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसची गोष्ट बैठकीत रंगवून सांगणारी मीच, आणि महिनाभरात तोच व्हॉल्व्ह माझ्या शब्दावरून बंद. काकांनी एवढंच विचारलं, "ताई, आता चालू करू?"

आजपासून: बंद केलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हवर लाल पाटी, पाटीचा दुसरा तुकडा सुरक्षा खोलीत. तो तुकडा परत आल्याशिवाय कुणी साइट सोडायची नाही, मीही नाही. मजला बंद असेल तेवढा वेळ तिथे एक माणूस फक्त आगीवर लक्ष ठेवायला. उघडल्यावर ड्रेन पूर्ण सोडायचा: काटा थोडा उतरून स्थिर राहिला तर व्हॉल्व्ह उघडा आहे, शून्याला गेला तर नाही. ड्रेन बंद केल्यावर काटा किती लवकर वर येतो तेही लिहायचं. उघड्या व्हॉल्व्हची चाकं साखळीनं कुलूपबंद.

१० एप्रिल

खालचे मजले भराभर झाले. आता हात बसलाय. पार्किंगमध्ये छत उघडं, तिथे वर तोंड केलेले ६४ हेड.

तिसऱ्या मजल्यावरच्या दप्तरखान्यात खोकी छताला टेकलेली. हेडच्या चकतीखाली ४५० मिमी मोकळं हवं, नाहीतर छत्री उघडतच नाही. भिंतीवर त्या उंचीला लाल पट्टा मारून घेतला. दप्तरखान्याच्या बाई म्हणाल्या, "पट्टा आम्ही पाळू हो, पण नवं कपाट कधी देणार ते त्यांना विचारा." रास्त आहे. पत्रात कपाटाची मागणी माझ्या सहीनं जोडली.

१८ एप्रिल

सगळे मजले चालू, सगळ्या स्विचच्या वायरी पॅनलला. प्रत्येक व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून पॅनलवर खूण उमटते का ते पाहिलं. पाचव्यावर उमटली ती चौथ्याच्या नावानं, दोन वायरी अदलाबदल झालेल्या. दुरुस्त केलं, दोन्ही मजले पुन्हा तपासले.

मूळ आराखड्यात ७८४ हेड, डक्टखालचे वाढीव धरून ८१३. पंपखोलीत लाल पेटी लावली: सुटे हेड १२, लाल जास्त, हिरवे दोन, आणि हेड बसवायचा खास पाना. साधा पाना वापरला तर बल्बला नकळत तडा जातो. पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवली.

ड्रेन चाचणीचे आजचे आकडे: आठवा मजला ४.१ वरून ३.६, स्थिर, परत ४.१. सहावा ४.८ वरून ४.३, स्थिर, परत ४.८. सहाव्याचा मी दोनदा घेतला. सुरक्षा खोलीत पाटीचा एकही तुकडा नाही.